आयईपीच्या बैठकीत पालक पाहुणे नसतात

"मास्तर सांगतील ते बरोबर" हा आपल्या पिढीवरचा पक्का संस्कार. पण मूल उशिरा बोलत असेल, स्वमग्न असेल किंवा वाचताना फार अडखळत असेल, तर अमेरिकेतल्या शाळेत तो जरा बाजूला ठेवावा लागतो. इथला कायदा पालकांनी बोलावं अशीच अपेक्षा करतो.

१९७५ साली हा कायदा झाला, तेव्हा अशी दहा लाख मुलं सरकारी शाळांच्या पूर्ण बाहेर होती. १९९० पासून तो 'आयडिया' या नावाने ओळखला जातो. पात्र ठरलेल्या प्रत्येक मुलासाठी शाळेला विनामूल्य, लेखी शिक्षण-आराखडा करावा लागतो. तोच आयईपी. तो ठरवणाऱ्या टीममध्ये शिक्षक आणि तज्ज्ञांबरोबर आई-वडील हे सभासद असतात. आपला व्हिसा कोणता, याच्याशी या हक्काचा संबंध नाही.

सुरुवात कशी करायची? तपासणीची मागणी लेखी करा, तारीख घाला, प्रत जवळ ठेवा. तुम्ही संमतीपत्रावर सही केल्यापासून ६० दिवसांत तपासणी व्हावी लागते (काही राज्यांची मुदत वेगळी आहे). मूल पात्र ठरलं की ३० दिवसांत आयईपीची बैठक. त्यानंतर दरवर्षी आढावा आणि साधारण तीन वर्षांनी फेरतपासणी.

बैठकीआधी अहवाल मागून घ्या आणि वाचून जा. खरी मेख असते ती उद्दिष्टांत. "वाचन सुधारेल" हे काही उद्दिष्ट नव्हे! आम्ही सॉफ्टवेअरवाले "सिस्टिम फास्ट हवी" एवढ्यावर काम घेत नाही; किती सेकंद, ते विचारतो. तसंच इथे विचारा: आज मिनिटाला किती शब्द वाचतो, वर्षअखेर किती वाचेल, मोजणार कोण? स्पीच थेरपी आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं? २०१७ मध्ये एंड्र्यू एफ. खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की नावापुरती प्रगती पुरेशी नाही. आराखडा मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती घडवू शकेल असा हवा.

जागच्या जागी सही करायचं बंधन नसतं. "घरी वाचून कळवतो" म्हणणं उद्धटपणा नव्हे. पहिल्यांदा सेवा सुरू करायला तर तुमची लेखी संमती लागतेच. पुढच्या वर्षांत मात्र सहीचे नियम राज्याप्रमाणे बदलतात, म्हणून नापसंती असेल तर लगेच लेखी कळवा. शाळेची तपासणी पटली नाही, तर शाळेच्या खर्चाने स्वतंत्र तपासणी मागता येते. शाळेला ती द्यावी लागते, नाहीतर आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत सिद्ध करावं लागतं. दुभाषी मागता येतो, सोबत जाणकार माणूस नेता येतो.

"घरी मराठी बोलू नका" असा सल्ला मिळाला तर घाबरू नका. दोन भाषांमुळे स्वमग्नता किंवा वाचादोष होत नाही. उलट मुलाची भाषा तपासताना घरी कोणती भाषा बोलतात, हे शाळेने लक्षात घ्यायलाच हवं. नाहीतर मराठीत घडाघडा बोलणारं मूल मुकं ठरायचं!

राहता राहिला प्रश्न "लोक काय म्हणतील?" चा. शाळेची कागदपत्रं गोपनीय असतात. मंडळाच्या गणपतीत कुणाला कळणार नाही. पण लपवण्यात गेलेली दोन वर्षं मुलाला परत मिळत नाहीत. तीन वर्षांखालच्या बाळांसाठीही वेगळी सेवा आहे, आणि प्रत्येक राज्यात पालकांना मोफत सल्ला देणारं पेरेंट सेंटर आहे. मनात शंका असेल, तर तपासणीची चिठ्ठी याच आठवड्यात लिहा.