आकाशातला हत्ती पोसायचा कसा?

डिसेंबर २०१३ मध्ये प्लेझान्सच्या विमानतळावर एमिरेट्सच्या ए-३८० विमानांची नियमित फेरी सुरू झाली. त्या दोन मजली विमानाच्या पंखांचा विस्तार ७९.८ मीटर. मोठ्यात मोठ्या वर्गाच्या विमानतळांची मर्यादा ८० मीटर असल्याने ते विमान त्या चौकटीत जेमतेम बसते. ही चौकट ओलांडणारे एक मालवाहू विमान होऊन गेले. त्याची हकिकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांला वाटते.

त्याचे नाव आन-२२५ 'म्रिया', म्हणजे युक्रेनी भाषेत स्वप्न. कीव्ह येथील आंतोनोव संस्थेने ते बांधले आणि २१ डिसेंबर १९८८ रोजी ते प्रथम उडाले. सोव्हिएत संघाचे 'बुरान' हे अंतराळयान पाठीवर वाहून नेणे हे त्याचे मूळ काम. पाठीवरील ओझ्यामुळे मागे घोटाळणारी हवा चुकवण्यासाठी त्याला दोन शेपट्या दिल्या होत्या. इंजिने सहा, चाके ३२, पंखांचा विस्तार ८८.४ मीटर आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ६४० टन!

असे विमान बांधताना पहिला अडथळा येतो तो गणिताचा. लाडवाचा व्यास दुप्पट केला, तर त्याचा पृष्ठभाग चौपट होतो, पण वजन मात्र आठपट. विमानाचेही तसेच. पंखांचे क्षेत्रफळ चौपट झाले, तरी उचलायचे ओझे आठपट होऊन बसते. म्हणून लहान विमानाचा नकाशा नुसता ताणून मोठे विमान होत नाही.

दुसरा अडथळा जमिनीचा. ६४० टन ३२ चाकांवर वाटले, तरी एका चाकाच्या वाट्याला सरासरी २० टन येतात. हा भार सोसणारी, लांब व रुंद धावपट्टी हवी, वळायला जागा हवी. माल चढवणेही सोपे नव्हे. वजन वाचवण्यासाठी म्रियाचे मागचे दार वगळले होते. त्यामुळे नाक वर उचलून, विमान पुढून गुडघ्यांवर बसवून सारा माल समोरूनच आत घ्यावा लागे. ऑगस्ट २००९ मध्ये जर्मनीहून आर्मेनियाला वीजकेंद्राचा एक जनित्र नेला, तो चौकटीसह सुमारे १९० टनांचा होता. ती चौकट विमानाच्या तळावर वजन पसरवण्यासाठीच होती.

तिसरा अडथळा इंधनाचा. २०० टन माल भरला, की पल्ला सुमारे ४००० किलोमीटरच उरे. मे २०१६ मध्ये ११७ टनांचा जनित्र प्रागहून ऑस्ट्रेलियातील पर्थला नेताना म्रियाला वाटेत हैदराबादसारखे मुक्काम घ्यावे लागले.

परंतु सर्वांत अवघड प्रश्न पैशाचा. इतके अवजड ओझे रोज कोठून मिळणार? सोव्हिएत संघ मोडला, बुरानचे काम थांबले, आणि १९९४ पासून म्रिया कोपऱ्यात उभी राहिली. तिची इंजिनेही धाकट्या आन-१२४ विमानांसाठी काढून घेतली गेली. २००१ मध्ये ती पुन्हा सज्ज झाली, आणि त्याच वर्षी तिने २५३.८ टन ओझे उचलून विक्रम केला. ए-३८० ची मालवाहू आवृत्ती तर जन्मालाच आली नाही. प्रकल्प रेंगाळत गेला आणि २००७ पर्यंत तिच्या साऱ्या मागण्या रद्द झाल्या.

मग हा पांढरा हत्ती पोसायचा कशाला, असे कोणी विचारील. त्याला एक उत्तर एप्रिल २०२० मध्ये मिळाले. महामारीच्या ऐन भरात म्रिया चीनमधील तिआनजिनहून मुखपट्ट्या व वैद्यकीय साहित्य घेऊन वॉर्साला पोहोचली. आपल्या बेटावर जहाजाची वाट पाहणे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण काही माल असा असतो, की तो महिन्याने आला तर त्याचा उपयोग उरत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धाच्या पहिल्याच दिवसांत कीव्हजवळील होस्तोमेल विमानतळावर म्रिया नष्ट झाली. तिच्या जोडीचा दुसरा सांगाडा कधीच पुरा झाला नव्हता. तो पुरा करता येईलही. मात्र काम नसलेल्या दिवसांत त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे आधी ठरवावे लागेल. आमच्या मते तो भार एका कंपनीवर टाकू नये. संकटात असे विमान ज्यांना हवे असते, त्या देशांनी तो वाटून घ्यावा.