गेटच्या आत, गेटच्या बाहेर

मुंबईकरांसाठी फिनिक्स, नागपूरकरांसाठी एम्प्रेस. आज हे दोन्ही मॉल, पण एकेकाळी तिथे गिरणीचा भोंगा वाजायचा, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण गिरणीतला माल यायचा कुठून? एम्प्रेसपुरतं उत्तर हवं असेल तर नागपूर सोडून यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावच्या बाजूला यावं लागेल.

सगळे मुंबईत गिरण्या काढत होते, तेव्हा जमशेटजी टाटांनी उलटा विचार केला. कच्चा माल जिथे, गिरणी तिथे! वऱ्हाडचा कापूस जवळ, कोळसा वरोऱ्याचा. हे वरोरा म्हणजे मारेगावकडून वर्धा नदी ओलांडली की आलंच. गिरणीसाठी दलदलीची जागा भरताना एका सावकाराने म्हणे पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं गाडतोय, असं त्याचं मत! 1 जानेवारी 1877ला गिरणी सुरू झाली आणि सावकाराचा हिशोब साफ चुकला.

एचआर पॉलिसीही काळाच्या पुढची. 1886मध्ये पेन्शन फंड, 1895मध्ये अपघाताची भरपाई. सॉलिड ना? पण हे सगळं गेटच्या आत. बाहेर कापूस पिकवणाऱ्याच्या हाती फक्त भाव, तोही बाजार ठरवेल तेवढा. 2002मध्ये गिरणीला कुलूप लागलं, पुढे मॉल आला. मारेगावचं शेत मात्र आजही पावसाच्या भरवशावर कापूसच पिकवतंय. आणि यवतमाळचं नाव देशभर पोचलं ते शेतकरी आत्महत्यांमुळे.

मग उद्योगच गावाच्या दारात आला तर?

तेही शेजारीच चाललंय. वणी तालुक्यात वेकोलिच्या खाणी आहेत. मुकुटबनला 2022पासून बिर्ला कॉर्पोरेशनचा सिमेंट कारखाना सुरू आहे, क्षमता वर्षाला 39 लाख टन. खाण आली की जमीन जाते आणि पैसा येतो. कोल इंडियाच्या 2012च्या धोरणात दर 2 एकरांमागे 1 नोकरी, असं गणित आहे. म्हणजे सातबारा ज्याच्या नावावर, त्याचं काहीतरी होतं. दारात गाडी उभी राहते, मुलगा पुण्याला शिकायला जातो. रस्त्यालगतच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येते कोळशाची धूळ. पांढरा कापूस काळा पडतो, ही त्याची जुनीच तक्रार.

आणि ज्याच्याकडे सातबाराच नाही तो? त्याच शेतात निंदायला, वेचायला जाणारी मजूर बाई, कोलाम कुटुंबं? शेत गेलं की त्यांची मजुरीही जाते. चेक मात्र दुसऱ्याच्या नावाने निघतो. एकाच गल्लीत एका घरावर स्लॅब पडतो आणि समोरचं घर कामासाठी गाव सोडतं.

2013च्या भूसंपादन कायद्याने ही चूक थोडी सुधारली. त्या भागात आधीची 3 वर्षं राबून पोट भरणारा भूमिहीनही ‘बाधित कुटुंबा’त आला. वा, मस्त! पण ही 3 वर्षं दाखवायची कशी?

आपण घर भाड्याने घ्यायला गेलो, लोन काढायला गेलो, की 3 महिन्यांच्या सॅलरी स्लिप पुढे करतो. कापूस वेचणाऱ्या बाईला आजवर कुणी स्लिप दिलीय का?

गेटच्या आतल्यांचा हिशोब 1886मध्येच सुरू झाला. बाहेरच्यांची अजून हजेरीसुद्धा लागलेली नाही.