ॲक्सिलेटर वर येत नाही तेव्हा

महागावातून आर्णीकडे निघा की उमरखेडकडे, नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. खड्ड्यांच्या काळात पाय सारखा ब्रेकवर जायचा. आता तो ॲक्सिलेटरवर ठेवला की बराच वेळ तिथेच राहतो. पाय उचलूनही पेडल वर आलं नाही, तर ते कळायला एखादा सेकंद जातो आणि पुढे उसाची ट्रॉली असली तर उरलेले दोन-चार सेकंद विचार करण्यात घालवता येत नाहीत. विचार घरी बसूनच करून ठेवावा.

गिअरच्या गाडीत पहिलं काम डाव्या पायाचं. क्लच तळापर्यंत दाबायचा. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. पेडल कितीही खाली अडकलेलं असो, गाडीला पुढे ढकलणारं काही उरत नाही. त्याच वेळी उजव्या पायाने ब्रेक, मग हाताने गिअर न्यूट्रल. ऑटोमॅटिकमध्ये क्लच नसतो, म्हणून सरळ ‘एन’. चालत्या गाडीत ‘पी’ किंवा ‘आर’च्या वाटेला जायचं नाही.

सांगायला हे एवढंच आहे. तरी माणसं इथेच गडबडतात, आणि घाबरण्याइतकंच आपलं शिक्षणही त्याला जबाबदार असतं. क्लच दाबताच इंजिनवरचा भार उतरतो आणि ते जिवाच्या आकांताने ओरडायला लागतं. गाडी शिकताना उस्तादाने पहिल्याच दिवशी दम दिलेला असतो, “उगाच रेस देऊ नको, इंजिन बसेल.” तो आवाज कानावर पडला की पाय आपोआप क्लचवरून उठतो आणि गाडी पुन्हा उसळी मारते. ओरडू द्या. आजच्या बहुतेक गाड्यांत फेरे ठरावीक मर्यादेपुढे गेले की इंधन आपोआप तुटतं. जुन्या जीपचं इंजिन फार तर कामाला येईल. इंजिन बांधून मिळतं.

अमेरिकेतल्या सँडिएगोजवळ २८ ऑगस्ट २००९ रोजी एका लेक्ससचं पेडल पूर्ण दाबलेल्या अवस्थेत अडकलं आणि गाडीतले चौघेही गेले. गाडी डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली होती. तिच्यात दुसऱ्याच मॉडेलचं जाड रबरी मॅट टाकलेलं होतं आणि त्याच्या कडेखाली पेडल धरलं गेलं. याच गाडीत काही दिवस आधी दुसऱ्या एका ग्राहकावर हाच प्रसंग आला होता. त्याने ब्रेकवर जोर दिला, गाडी न्यूट्रलला आणली, इंजिन किंचाळत असतानाच ती कडेला घेतली आणि मग वाकून पाहिलं तर मॅट. यानंतर टोयोटाने मॅटच्या कारणावरून सुमारे ३८ लाख गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. जानेवारी २०१० मध्ये, पेडलच जड होऊन परत येत नाही म्हणून, आणखी सुमारे २३ लाख. इलेक्ट्रॉनिक्समध्ये भूत आहे अशी ओरड तेव्हा बरीच झाली. नासाच्या तज्ज्ञांनी तपासलं, पण फेब्रुवारी २०११ च्या अहवालात तसा दोष सापडल्याची नोंद नाही.

आता ब्रेक. इंजिन पूर्ण जोरात असताना ब्रेक लागतच नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने टोयोटा कॅम्रीवर हे करून पाहिलं होतं. ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेगात, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला ठेवून, नुसत्या ब्रेकवर गाडी सुमारे ५८ मीटरमध्ये उभी राहिली. ॲक्सिलेटर सोडलेला असताना तीच गाडी ५३ मीटर घेत होती. म्हणजे फरक पाच मीटरचा. पण त्यासाठी ब्रेक एकदाच, सगळ्या ताकदीने दाबायचा आणि धरून ठेवायचा.

ब्रेक मारला, सोडला, पुन्हा मारला, असं केलं तर काय होतं? पायाचा जोर वाढवायला ब्रेकला बूस्टर असतो आणि तो निर्वात पोकळीवर चालतो. पेट्रोल गाडीत ही पोकळी इंजिनच हवा ओढताना तयार करतं, पण हवेची झडप जवळजवळ बंद असेल तेव्हाच. ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला असेल तर झडप सताड उघडी आणि पोकळी नाहीशी. बूस्टरमध्ये साठवलेली तेवढी एक-दोन दाबांना पुरते. तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखं लागतं आणि चालक म्हणतो, ब्रेक फेल. डिझेल गाडीत यासाठी वेगळा पंप असतो, त्यामुळे धोका कमी. ट्रक आणि एसटीचा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो, तिथेही सारखा मारला की टाकीतली हवा उतरते. हलका ब्रेक लावून दोन किलोमीटर रेटत नेणंही तितकंच वाईट. डिस्क तापतात आणि पकड जाते.

चावीला हात सगळ्यात शेवटी. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि चावी पार मागे फिरवून काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. न्यूट्रल झाल्यावर, वेग उतरल्यावर, चावी एकच खटका मागे. बटणाच्या गाड्यांत चालू असताना बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. आपल्या गाडीत नेमकं किती, हे पुस्तिकेत पाहून ठेवावं. बुटाचं टोक पेडलखाली घालून उचलायचा प्रयत्न रस्ता मोकळा असेल तर एकदा करायला हरकत नाही. खाली वाकून हात घालणं मात्र मुळीच नाही.

पेडल मुळात अडकतं का? नव्या गाड्यांत पेडल आणि इंजिन यांच्यात फक्त सेन्सरची वायर असते. तिथे दोष बहुतेक वेळा पायाखालीच सापडतो. जुन्या मॅटवर नवं मॅट, हुकातून सुटून पुढे सरकलेलं मॅट, चालकाची सैल चप्पल, सीटखालून गडगडत आलेली पाण्याची बाटली. जुन्या गाड्यांत तारेची केबल असते. तिची एखादी तार तुटून आतल्या आत अडकते, नाहीतर परतीची स्प्रिंग ढिली पडते. गाडी महिनाभर गोठ्याशेजारी उभी असेल तर उंदरांचाही हिशोब धरावा. तपासायला इंजिन बंद ठेवून पेडल तळापर्यंत दाबा आणि एकदम सोडा. ते टक्कन वर यायला हवं. रेंगाळत येत असेल तर समजा केबल बोलतेय.

मोटारसायकलचं तंत्र तेच. क्लच ओढा, किल स्विच असेल तर तो दाबा, नसेल तर चावी. काळ्या मातीचा चिखल मुठीच्या आत गेला की ॲक्सिलेटर चिकटतो. गाडी उभी करून चालू ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. वळवताना रेस वाढली तर केबल ताणली जातेय.

ट्रॅक्टरचा मामला निराळा. त्याला हाताचा ॲक्सिलेटर असतो आणि तो ठेवू तिथेच राहतो. स्टॉपची नॉब ओढली की डिझेल बंद. पण एअर क्लीनरच्या भांड्यात खुणेच्या वर ऑइल भरलं असेल तर इंजिन तेच ओढून जाळू लागतं. डिझेल बंद केलं तरी धूर ओकत सुटतं. अशा वेळी उपाय उलटा. ट्रॅक्टर उभा करा, सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट धरा आणि क्लच सोडून इंजिन मारा. हवेची वाट फळीने दाबूनही ते बंद पडतं. हात लावू नका, इंजिन तो आत ओढतं.

एक शक्यता सांगायला कुणालाच आवडत नाही. पेडल अडकलेलं नसतंच, पाय चुकीच्या पेडलवर असतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ऑडी गाड्या आपोआप सुसाट सुटतात असं वादळ उठलं होतं. तिथल्या सरकारी संस्थेने १९८९ मध्ये बहुतेक प्रकरणांत पायाचीच चूक असल्याचं म्हटलं. आपल्याकडे ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसून अनेक जण दगावले. ब्रेक फेल झाल्याची चर्चा लगेच सुरू झाली, पण आरटीओच्या तपासणीत ब्रेक चालू निघाले, आणि क्लच नसलेल्या बसचं चालकाला किती प्रशिक्षण मिळालं होतं हा प्रश्न पुढे आला. ‘ब्रेक’ जितका दाबावा तितकी गाडी पळत असेल, तर पाय पूर्ण उचला आणि पुन्हा ठेवा.

गाडी कडेला लागली की चारही इंडिकेटर लावा. महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे, इतरत्र ११२. मॅट निघालं तर ते डिकीत टाकून पुढे जाता येईल. केबल असेल तर पेडल दोनदा हलवून मोकळं झालं तरी त्या गाडीने घर गाठायचं नाही. मिस्त्रीला तिथेच बोलवा आणि जुनी केबल तेल घालून परत बसवू देऊ नका.