धमनी बंद केल्यावर यकृताचं काय होतं?

यकृताची धमनी डॉक्टर मुद्दामच बंद करणार, हे ऐकून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण यकृताच्या कर्करोगावरचा हा रुळलेला उपचार आहे, 'टेस' नावाचा. निवडक रुग्णांचं आयुष्य त्याने वाढतं, हे २००२ साली हाँगकाँग आणि बार्सिलोनाच्या चाचण्यांत दिसलं.

कोकणातल्या आंजर्ल्याच्या पोफळीच्या वाडीत दोन पाटांनी पाणी यावं, तसं यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडच्या पोर्टल शिरेतून, उरलेलं धमनीतून. गाठ मात्र बहुतेक धमनीवरच पोसते. म्हणून जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी गाठीपर्यंत नेतात आणि औषध सोडून ती वाट बुजवतात. त्यात बहुधा लिपिओडॉल असतं. ते खसखशीच्या तेलात आयोडीन जोडून बनवतात, त्यामुळे एक्स-रेच्या पडद्यावर औषध कुठवर पोचलं ते दिसतं.

पोर्टल शीरच गुठळीने तुंबलेली असेल, तर मात्र दोन्ही वाटा बंद होतात. दारूने किंवा हिपॅटायटिसने यकृत आधीच आक्रसलेलं असेल, कावीळ असेल, पोटात पाणी साठलं असेल, तर उरलेल्या भागाला हा धक्का झेपत नाही आणि यकृत निकामी होऊ शकतं. खरा प्रश्न गाठीचा नाही, उरलेल्या यकृताचा आहे; रक्तातल्या बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीचा, आकडा आधी बघतात तो त्यासाठीच.

दुसरा धोका जंतूंचा. १९४९ मध्ये जेकब मार्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांची यकृत-धमनी बांधली. कुत्री दगावली, पेनिसिलिन दिलेली जगली. उपाशी यकृतात जंतू माजतात. त्यातून पित्तनलिका जवळजवळ सर्वस्वी धमनीवर जगतात. पित्तमार्गात स्टेंट असेल किंवा तिथली शस्त्रक्रिया झाली असेल, तर यकृतात पू होण्याची भीती बरीच वाढते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगावं.

उपचारानंतर काही दिवस ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, मळमळ हे नेहमीचंच. पण पू कधीकधी दोन-तीन आठवड्यांनीही होतो, म्हणजे रुग्ण मुंबईहून आंजर्ल्याला परतल्यावर. उतरलेला ताप थंडी वाजून पुन्हा चढला, डोळे पिवळे झाले, पोट फुगलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तापाची गोळी देऊन वाट बघू नका. डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच दिवशी दापोलीचं रुग्णालय गाठा आणि मुंबईच्या डॉक्टरांनाही फोन लावा.