नाव खोडले, चेहरा राहिला

मेंदूचे एम.आर.आय. चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अक्रोडासारखा सुरकुतलेला एक करडा गोळा येतो. पण ते यंत्र काही मेंदूपाशी थांबत नाही. ते साऱ्या डोक्याचे पातळ काप टिपते, आणि त्या कापांत नाक, कान, हनुवटी हेही उतरते. काप संगणकात पुन्हा एकावर एक रचले की माणसाचा चेहरा उभा राहतो; डोक्यावर केस तेवढे नसतात!

संशोधनासाठी स्वखुशीने यंत्रात पडून राहणाऱ्या माणसाला सांगतात की, तुमचे नाव कोठे येणार नाही. मग नाव व जन्मतारीख पुसून चित्रे इतर संशोधकांना देतात. हे देणे योग्यच आहे. तपासणी खर्चाची असते, आणि एकाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्याने पडताळला पाहिजे. प्रश्न एवढाच, की नाव पुसल्याने माणूस पुसला जातो काय?

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ साली याची परीक्षा घेतली. ८४ स्वयंसेवकांच्या चित्रांवरून चेहरे घडवले आणि बाजारात मिळणाऱ्या, चेहरे ओळखणाऱ्या संगणक-प्रणालीपुढे ते ठेवले. तिने ७० जणांचे छायाचित्र अचूक निवडले. अर्थात छायाचित्रे त्याच ८४ जणांची होती. अवघ्या शहरातून एकाला हुडकणे याहून पुष्कळ अवघड. पण अमक्याने या संशोधनात भाग घेतला आहे, असा ज्याला आधीच संशय आहे, त्याला शहर हुडकावे लागत नाही. आणि ओळख पटली की चित्राबरोबर ठेवलेली स्मृतिभ्रंशाची किंवा आनुवंशिकतेची नोंदही त्याच्या हाती लागते.

यावर उपाय म्हणजे चित्रातला चेहरा खरवडून टाकणे, किंवा त्या जागी अनेकांचा मिळून केलेला सरासरी चेहरा बसवणे. मात्र हा वस्तरा जरा खोल गेला तर मेंदूच कापला जातो आणि मोजमाप बिघडते. शिवाय मेंदूलाही स्वतःची खूण असते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली १२६ जणांच्या मेंदूंतील हालचालींचे आराखडे ताडून पाहिले. विसावलेल्या स्थितीत दोन वेगळ्या दिवशी घेतलेले आराखडे एकाच माणसाचे आहेत, हे दहांत नऊहून अधिक वेळा जुळले. ही खूण वापरायला तुमचे दुसरे चित्र हाती असावे लागते, एवढाच दिलासा.

म्हणून चित्रे मागणाऱ्याकडून ‘मी कोणाची ओळख शोधणार नाही’ असा करार अनेक ठिकाणी लिहून घेतात. संमतिपत्रातले ‘ओळख कधीच पटणार नाही’ हे वाक्य मात्र आता काढून टाकावे. ‘ओळख पटणे अवघड राहील, आणि एकदा वाटलेली चित्रे परत घेता येणार नाहीत’ असे लिहावे, आणि मग सही मागावी.