नोकरी सुटते, माणसं का सुटावीत?

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. ‘टीसीएसमध्ये लागला’ म्हणजे पोरगा मार्गी लागला, असं मानणाऱ्या कितीतरी मराठी घरांना तो धक्का होता. त्यानंतर घराचे हप्ते, आरोग्य विमा, नवी कौशल्यं यांवर बरंच बोललं गेलं. नोकरी सुटताना तिथल्या माणसांशी कसं वागावं, हा विषय मात्र अजूनही ऐकीव समजुतींवरच चालतो.

या समजुतींमुळे दोन टोकांची माणसं दिसतात. एक, ‘वाद नको’ म्हणत हक्काचे पैसेही सोडून देणारी. दुसरी, शेवटच्या दिवशी सगळ्यांचा उद्धार करून बाहेर पडणारी. दोघांची गफलत एकच आहे: दोघंही हिशोब आणि संबंध यांची सरमिसळ करतात. हिशोब कंपनीशी असतो आणि तो कागदावर होतो. संबंध माणसांशी असतात आणि ते वेगळ्या रीतीने जपावे लागतात.

‘काढून टाकलं, म्हणजे तिथलं कुणीच आपलं नव्हतं’

कपातीची यादी बहुतेक वेळा प्रकल्प, पगाराची पातळी, ‘बेंच’वरचे, म्हणजे प्रकल्पाविना गेलेले दिवस अशा निकषांवर वरच्या पातळीवर ठरते. मोठ्या कंपन्यांत पुष्कळदा तुमच्या मॅनेजरला ती आदल्या दिवशी कळते आणि ‘एचआरसोबत बसून सांगा’ एवढंच काम त्याच्या वाट्याला येतं. तो तुमच्या बाजूने भांडला असेल किंवा नसेलही. पण त्याने एक शब्दही काढला नाही, म्हणून तो सामील होता असं होत नाही. अशा बैठकीत काय बोलायचं आणि काय नाही, हे त्याला लिहून दिलेलं असतं.

दुपारी ईमेल बंद, लॅपटॉप बंद, टीमच्या चॅटमधून नाव गायब. आठ वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचा मोबाइल नंबर आपल्याकडे नाही, हे तेव्हा ध्यानात येतं. म्हणून एक साधी गोष्ट नोकरी व्यवस्थित चालू असतानाच करून ठेवावी: ज्यांच्याबरोबर काम करायला आवडतं, त्यांचे वैयक्तिक नंबर स्वतःच्या फोनमध्ये असू द्यावेत. नंबर एवढेच. कंपनीच्या फाइली, ग्राहकांच्या याद्या, कोड स्वतःच्या जीमेलवर पाठवणं ही वेगळी आणि महागात पडणारी गोष्ट आहे.

अशा वेळी पहिला निरोप जाणाऱ्याने पाठवला तर कोंडी फुटते. ‘सर, शुक्रवारी सगळं अचानक झालं, नीट निरोपही घेता आला नाही. तुमच्याकडून शिकलेलं बरंच आहे. काम शोधतोय, सावकाश एकदा बोलू.’ एवढं पुरे. त्यात तक्रार नको, आणि उगाच दाखवलेला आनंदही नको.

कारखान्यातल्या कामगारांसाठी तर परतीची वाट कायद्यातच ठेवलेली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-एच कलमानुसार कपात झालेल्या कामगाराला नव्या भरतीत प्राधान्य होतं. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे, मात्र कपातीनंतर एका वर्षाच्या मुदतीपुरतं. चाकण, वाळूजमध्ये ऑर्डरी वाढल्या की पुन्हा माणसं लागतातच, आणि त्या वेळी कुणाला फोन करायचा हे सुपरवायझरच्या डोक्यात पक्कं असतं.

‘हिशोब मागितला तर संबंध बिघडतात’

हा गैरसमज सगळ्यांत खर्चीक, आणि आपल्या मध्यमवर्गीय संकोचात सगळ्यांत खोल रुजलेला. पैशाचं बोलणं म्हणजे हलकेपणा, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं. पण अकाउंट्समधल्या माणसाच्या दृष्टीने तुमचा हिशोब ही त्याच्या टेबलावरची एक फाइल असते. ती मागितल्याचा राग त्याला येत नाही. मागताना आवाज चढवला तर मात्र येतो.

तर काय मागायचं? आधी पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा असो, बडतर्फी असो की कपात, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. ‘फुल अँड फायनल’ला दीड-दोन महिने लागतातच, हे वर्षानुवर्षं ऐकवलं जाणारं उत्तर वेतनापुरतं आता चालणार नाही.

मग ग्रॅच्युइटी. राजीनामा दिला तर ती मिळत नाही, असं आजही अनेकांना खरोखर वाटतं. पाच वर्षं सलग सेवा झाली असेल तर राजीनामा देणाऱ्यालाही ती मिळते, आणि ती ३० दिवसांत द्यायची असते. ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने एका वर्षानंतरच हा हक्क दिला आहे. गणित सोपं आहे: शेवटचं मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. ग्रॅच्युइटीसाठी धरलं जाणारं वेतन ४०,००० रुपये आणि सेवा आठ वर्षं असेल, तर रक्कम होते सुमारे १ लाख ८४ हजार ६०० रुपये. भिडेखातर सोडून देण्याएवढी ही रक्कम किरकोळ नाही.

भविष्यनिर्वाह निधीसाठी जुन्या कंपनीच्या मागे लागायची गरज आता बरीच कमी झाली आहे. यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. कंपनीने ‘डेट ऑफ एक्झिट’ भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन भरता येते. भांडणाचं एक कारण आपोआप गेलं.

आणि सहीबद्दल. कपातीच्या बैठकीत पुष्कळदा ‘स्वेच्छेने राजीनामा’ असं लिहिलेला कागद पुढे सरकवला जातो. कायद्याच्या लेखी राजीनामा आणि कपात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपात असेल तर ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाएवढी भरपाई मिळते. राजीनाम्यावर ती नाही. अशा वेळी हुज्जत घालण्याची गरज नसते. ‘मॅडम, हे मी घरी नीट वाचते आणि उद्या कळवते,’ हे वाक्य सौम्य आहे, पण त्याचा अर्थ पक्का आहे. समोरच्या मॅडमही बहुधा सुटकेचा श्वास सोडतात, कारण रडारड किंवा आरडाओरडा यांपैकी काहीतरी होणार, याच तयारीने त्या आलेल्या असतात.

‘राजीनामा टाकला की आपण मोकळे’

कोंढाण्यावर १६७० मध्ये सूर्याजीने परतीचे दोर कापले, कारण समोर शत्रू होता आणि मावळे मागे फिरू लागले होते. ऑफिसात तशी परिस्थिती नसते. तरी नोटीस पीरियडमध्ये काही जण दोर कापायच्या आवेशात असतात: उशिरा येणं, फोन न उचलणं, ‘आता मला काय करायचंय’ असं येताजाता ऐकवणं. वर्षानुवर्षं केलेलं काम लोक विसरतात आणि हे शेवटचे साठ-नव्वद दिवस लक्षात ठेवतात. यात न्याय नाही, पण असंच होतं.

या दिवसांतलं खरं काम म्हणजे हँडओव्हर. कोणतं काम कुठवर आलं आहे, कोणत्या ग्राहकाला काय कबूल केलं आहे, कोणता पासवर्ड कुणाकडे दिला, कोणत्या सप्लायरला कधी फोन करावा लागतो, हे लिहून ठेवलं की तुमच्या जागी येणारा तुम्हाला न भेटताही तुमचं नाव चांगलं घेतो. लॅपटॉप, ओळखपत्र, चाव्या परत केल्याची पोच घ्यावी. रिलीव्हिंग लेटर, अनुभव प्रमाणपत्र, फॉर्म १६ यांची ईमेलने आठवण करावी. पुढच्या कंपनीची पार्श्वभूमी तपासणी या कागदांवरच चालते. न सांगता निघून गेलेल्याच्या नावापुढे ‘अ‍ॅब्सकाँडिंग’ असा शेरा बसला, तर तो पुसायला फार त्रास पडतो.

बाँडचंही तसंच. ‘बाँडला कोर्टात काही अर्थ नसतो’ हे कॉलेजच्या कट्ट्यावरचं ज्ञान आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँड वैध असतो असा याचा अर्थ नाही. पण निघण्याआधी आपण कशावर सही केली होती, ते एकदा वाचून घ्यावं.

‘प्रतिस्पर्ध्याकडे जाणं म्हणजे गद्दारी, शिवाय बेकायदा’

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचं २७ वं कलम म्हणतं, की कुणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. त्यामुळे नोकरी संपल्यानंतर ‘दोन वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही’ अशी अट आपल्या न्यायालयांत सहसा टिकत नाही.

पण नोकरी ‘संपल्यानंतर’ हा शब्द महत्त्वाचा. सेंच्युरी स्पिनिंगच्या कल्याणच्या कारखान्यातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या कराराने बांधलेला होता. टायर कॉर्डचं तंत्र कंपनीने परदेशी भागीदारांकडून घेतलं होतं आणि ते गुप्त ठेवण्याची अट होती. करार चालू असतानाच तो अधिक पगारावर राजस्थानातल्या कोटा इथल्या रेयॉन कंपनीत गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कराराची मुदत चालू असताना त्याला असं रोखणं योग्यच. तेव्हा सीमा अशी आहे: मुदत पाळून निघा, मग डोक्यातलं कौशल्य तुमचं आणि गुप्त माहिती कंपनीची. नव्या ठिकाणी जुन्या कंपनीची गुपितं सांगून भाव खाणाऱ्यावर नवा मालकही विश्वास टाकत नाही. उद्या हा आपलीही गुपितं विकेल, हे त्याला दिसत असतं.

‘जाता जाता सगळं खरं सांगून टाकावं’

एक्झिट इंटरव्ह्यू हा कबुलीजबाब नव्हे. कामाच्या पद्धतीबद्दल दोन ठोस सूचना कराव्यात, माणसांच्या स्वभावावर बोलू नये. याला एक अपवाद आहे. छळ, लैंगिक त्रास, पैशांची अफरातफर असं काही असेल, तर ते लेखी आणि योग्य समितीकडे द्यावं. तिथे ‘संबंध खराब होतील’ हा विचार करणं चूक आहे. त्या माणसाशी संबंध खराबच असायला हवेत.

‘खरी मदत जिवलगच करतात’

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये त्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. ज्यांना ओळखीतून काम मिळालं, त्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक ती ओळख देणाऱ्याला वारंवार भेटत. सुमारे ५६ टक्के अधूनमधून भेटत, तर २८ टक्के क्वचितच. कारण उघड आहे: जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं, आणि दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या, लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या संशोधनातही हाच सूर निघाला, एका दुरुस्तीसह: अगदी पुसट ओळख फारशी कामाची नाही, मध्यम सैल ओळख सगळ्यांत उपयोगी. जुन्या ऑफिसातले बहुतेक सहकारी नेमके याच गटातले.

इथे मराठी माणूस अडतो तो ‘वशिला नको’ या बाण्यावर. बाणा चांगला, पण इथे तो चुकीच्या जागी आहे. पात्रता नसलेल्याला आत घुसवणं म्हणजे वशिला. ‘तुमच्याकडे क्वालिटीमध्ये जागा आहे का, कुणाला बायोडेटा पाठवू’ असं विचारणं म्हणजे चौकशी. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना अशी नावं सुचवल्याबद्दल बक्षीसही देतात. फक्त कुणाचं नाव संदर्भ म्हणून देण्याआधी त्याला विचारावं, आणि काम झालं की कळवावं. काम न झालं तरी कळवावं. हे दुसरं बहुतेकांकडून राहूनच जातं.

‘आत्ता फोन केला तर त्याला वाईट वाटेल’

हा गैरसमज गेलेल्यांचा नाही, मागे राहिलेल्यांचा आहे. काय बोलावं सुचत नाही, आपली नोकरी टिकली याचं अवघडलेपण असतं, म्हणून ते गप्प राहतात. घरी बसलेल्याला मात्र ती शांतता ‘यांनी मला टाकलं’ अशीच ऐकू येते. त्याला सल्ला नको असतो, ऑफिसातल्या बातम्याही नकोत. ‘कसा आहेस, शनिवारी चहाला भेटू या का?’ एवढं विचारलं तरी चालतं. तुमच्या टीममधल्या कुणाला अलीकडे कमी केलं असेल आणि तुम्ही अजून बोलला नसाल, तर त्याच्या फोनची वाट पाहू नका. आज संध्याकाळी तुम्हीच करा.