पाऊस पडला, मग आकडा कुठे अडला?

वर्धा : रात्री धो-धो पाऊस झाला आणि सकाळी मोबाइलवर मंडळाचा आकडा कालचाच दिसला, तर शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तरच मंडळात अतिवृष्टी धरली जाते आणि मदतीचे गणित तिथून सुरू होते. आर्वी, आष्टी, कारंजा भागातील संत्रा बागायतदारांच्या हवामान आधारित फळपीक विम्यातही केंद्राचीच नोंद ग्राह्य असते.

राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळनिहाय २,०००हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस यांची नोंद दर १० मिनिटांनी होते.

नेट स्लो म्हणून उशीर?

बहुतेकदा नाही. एका नोंदीचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोपेक्षा कितीतरी लहान असतो. त्याला वेग नको, सलग रेंज हवी. वादळात वीज जाते, टॉवर बंद पडतो आणि नोंदी यंत्रातच साठून राहतात. रेंज आली की एकदम निघतात. म्हणून आधी दोन वेळा ताडून पाहाव्यात : नोंद झाली कधी आणि सर्व्हरला पोहोचली कधी. उशिरा का होईना, मधल्या सगळ्या नोंदी आल्या तर दोष नेटवर्कचा. पाऊस हिशेबातून गेलेला नाही. मधले तास कायमचे कोरे राहिले तर बॅटरी, सोलर पॅनल किंवा साठवण यंत्र तपासावे लागते.

खरा धोका तिसराच. नोंदी वेळेवर येतात, आर्द्रता चढलेली असते, शेजारच्या मंडळात पाऊस असतो आणि इथे मात्र शून्य! पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, की असे होते. इथे सिमकार्ड बदलून काही होत नाही.

अंदाजाच्या मोठ्या फायलींचे दुखणे वेगळे. परदेशातील सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास पाव सेकंद लागत असेल आणि पोच येईपर्यंत एका वेळी ६४ किलोबाइटच पाठवले जात असतील, तर १०० एमबीपीएसच्या लाइनवरही वेग जेमतेम २ एमबीपीएस मिळतो. लाइन वाढवून पैसेच जातात. एका वेळी पाठवायचा डेटा वाढवणे किंवा फक्त विदर्भापुरता भाग उतरवणे हा उपाय.

शेतकऱ्याने मात्र आकडा चुकीचा वाटताच तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवून तालुका कृषी कार्यालयात लेखी कळवावे. पंचनाम्याची मुदत संपल्यावर नको.